डाव्या दाराची फट

१

सकाळचा चहा झाला की नागसेन सर जुनी, गुडघ्यावर ठिगळ लावलेली पँट चढवायचे आणि अंगणातल्या चिंचेखाली उभ्या फियाटीकडे जायचे. आदिलाबाद जिल्ह्यातल्या तामसी मंडलातलं एवढंसं गाव. तिथं रिटायर झालेला मास्तर काय करतो? पेपर वाचतो, विहारात जाऊन बसतो, कुणाचं पोरगं कुठल्या कॉलेजात घालावं ते सांगतो. आमच्या सरांनी मात्र वेल्डिंगचं मशीन आणलं. एकसष्टाव्या वर्षी! गावानं चार दिवस हसून घेतलं आणि मग सोडून दिलं. बायको गेलेल्या माणसाला कुणी फार हसत नाही.

दीपमालाबाईंना जाऊन आठ महिने झाले होते. हैदराबादच्या दवाखान्यात अकरा आठवडे राहून त्या गेल्या, घरी आलीच नाही बाई. आली ती एक पिशवी. तिच्यात चष्मा, कंगवा, स्वेटर आणि एक जाडजूड फाइल. सरांनी पिशवी कपाटात ठेवली आणि दुसऱ्या खोलीत झोपायला लागले.

ही फियाट त्यांनी एका हेडमास्तरांकडून घेतली होती, मुलगी भाग्यश्री दहावीला असताना. तीन वर्षं चालली. मागं कितीही जागा असली तरी दीपमाला पुढंच बसायची, डाव्या सीटवर, काच खाली आणि कोपर बाहेर. मग इंजिन बसलं आणि गाडी चिंचेखाली उभी राहिली ती राहिलीच. उजवी बाजू कंपाउंडच्या भिंतीला चिकटलेली, मागचं डावं दार गंजून बसलेलं. उघडायचं ते एकच, पुढचं डावं. बाई गेल्यावर सरांच्या डोक्यानं घेतलं की गाडी दुरुस्त करायची आणि तीही आपल्या हातानं. कशासाठी, ते विचारू नका. माणसाला हाताला काहीतरी लागतं.

२

वेल्डिंग शिकवलं सुरेंद्रनं. हा सरांचाच जुना विद्यार्थी. नेरडीगोंड्याला हायवेवर त्याचं खिडक्यांच्या जाळ्या आणि गेट बनवायचं दुकान होतं. पहिल्याच दिवशी तो गाडीखाली झोपला आणि डोकं हलवत बाहेर आला.

"सर, हिले अलग चासी नसते. दाराखालून ही जी पत्र्याची पेटी जाते ना लांबच लांब, तिच्याच जोरावर गाडी उभी असते. डावी पेटी पुरी सडली. कापून नवी बसवा लागते. पण कापली का गाडी मंधातून लचकते, म्हून पयले दाराच्या चौकटीत लोखंडी अँगलचा टेका मारून घ्या."

"अन् नाही मारला तर?"

"नाई मारला तं रोज दाराची फट मोजा. फट जशीच्या तशी असन तरच वेल्ड मारा. आत कोणी बसलं असन, वजन असन, अन् तुमी पेटी जोडली, तं तो लचका जन्मभर गाडीत राह्यते. मंग दार फसते, बाप्पा! हलत नाई."

सरांनी अँगल मारला नाही. गाडी चार जॅकवर चढवली आणि म्हणाले, बस झालं. विज्ञानाचे मास्तर ते. आपला हिशोब आपण करणार! पेटी कापली. फट मोजायला जुन्या उत्तरपत्रिकांच्या पट्ट्या कापल्या. दार लावलं, वरच्या फटीत एकेक पट्टी सरकवत गेले. बरोब्बर पन्नास पट्ट्या बसल्या. वहीत तारीख घालून लिहिलं, पन्नास.

कापल्यानंतरच्या पहिल्याच सकाळी नऊला मोजलं तर सत्तावीसच बसल्या.

३

सर घाबरले नाहीत. घाबरायचं काय त्यात? एप्रिलचं ऊन पूर्वेकडून डाव्या बाजूलाच पडतं, पत्रा तापतो, फुगतो, फट कमी होते. सातवीच्या पुस्तकात आहे. अकरा वाजता पुन्हा मोजलं तर पन्नास. तेव्हा तर ऊन जास्त होतं. मग चिंचेच्या सावलीमुळं असेल, सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नऊला अठ्ठावीस, अकराला पन्नास. तिसऱ्या दिवशी त्यांनी पहाटेच गाडीवर ताडपत्री टाकली. ऊन लागूच दिलं नाही. आठला मोजलं, पन्नास. तिथंच स्टूल टाकून बसले. नऊला दोनचार मिनिटं कमी असतील, गाडीतून आवाज आला. सीटची स्प्रिंग दबल्यावर येतो तसा, कर्र, एकदाच. दार बंद होतं. काच वर होती, तिची फिरवायची मूठ कधीच तुटलेली. सरांनी आत डोकावून पाहिलं. सीट रिकामी होती, रेक्झीन फाटलेलं, त्यावर चिंचेची वाळकी पानं. पट्ट्या मोजल्या. अठ्ठावीस.

मग त्यांनी मास्तरकी केली. दुपारी सिमेंटचं पन्नास किलोचं पोतं कसंबसं ओढत आणून त्या सीटवर ठेवलं आणि फट मोजली. तीस बसल्या. म्हणजे पन्नास किलोला वीस पट्ट्या कमी, एका पट्टीला अडीच किलो. पहिल्या दिवशी तेवीस कमी होत्या. तेवीस गुणिले अडीच. पाटीवर करून पाहिलं, साडेसत्तावन्न किलो आले, आणि पाटी पुसून टाकली.

छे! चाळीस वर्षं पोरांना सांगत आले होते की भूत नसतं, आत्मा नसतो. चळवळीत घडलेला माणूस, कुठल्या बुवाच्या दारात कधी गेला नाही. दीपमालेच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात स्वतः उभं राहून बोलले होते, की माणूस संपला म्हणजे संपला, त्याच्या मागं राहतं ते त्याचं वागणं. बोलताना आवाज कापला नव्हता. घरी येऊन मोरीत नळ सोडून रडले होते, ती गोष्ट वेगळी.

आता त्याच माणसाला रोज नऊ वाजायची वाट पाहायची सवय लागली. तीस. तीस. एकतीस. फट रोज जराशी मोकळी होत होती. आत जे काही बसत होतं ते हलकं होत होतं.

४

सहाव्या का सातव्या दिवशी सुरेंद्र आला. सकाळचीच वेळ. मोटरसायकल फाटकाशी लावली आणि हसतच आत आला.

"कोन पाव्हने आले जी, सर?"

"कोणी नाही. काऊन?"

"नाई, रस्त्यावून गाडी डावीकून दबलेली दिसली. मले वाटलं काकू…" एवढं बोलला आणि जीभ चावली. "माफ करा सर. सवयीनं निंगालं तोंडातून."

तो वाकून कापलेली पेटी पाहायला लागला. दाराशी गेला, आत पाहिलं, मागं सरकला. मग सरळ उभा राहून म्हणाला, "सर, उद्या माहा मानूस पाठवतो. टो करून गाडी दुकानात नेऊ. दोन दिवसात करून देतो."

"माझी गाडी मी करीन."

"तुमचंच काम हाय, पण…" सुरेंद्रनं मान खाली घातली. "मले ते आवडून नाई राह्यलं, सर. जॅकवर हाय गाडी. रिकामी हाय. दबली काऊन?"

"ऊन," सर म्हणाले. सुरेंद्रनं ताडपत्रीकडं पाहिलं आणि चहा न घेताच गेला.

५

आठव्या दिवशी संध्याकाळी मंचेरियलहून भाग्यश्रीचा फोन आला. तिच्या काही तपासण्या चालल्या होत्या आणि डॉक्टरला आईचे जुने रिपोर्ट पाहिजे होते.

"बाबा, आईची फाइल काढून ठेवा. मी शनवारी येऊन घेऊन जातो. अन् तुमी जेवता ना बराबर?"

"जेवतो वं."

सरांनी आठ महिन्यांनी पिशवी उघडली. स्वेटर बाजूला ठेवला, फाइल मांडीवर घेतली. पहिल्याच पानावर चार्ट होता. दर सोमवारी वजन. अठ्ठावन्न, छप्पन्न, चोपन्न, एक्कावन्न, एकोणपन्नास, सत्तेचाळीस, चव्वेचाळीस, बेचाळीस. सरांनी आपली वही आणली. पट्ट्यांची वजाबाकी केली, अडीचनं गुणलं, शेजारी लिहिलं. आठही आकडे जुळले. कुठं एखाद्या किलोचा फरक असेल तर तेवढाच.

चार्टमध्ये पुढं तीनच आकडे होते. चाळीस, अडतीस, छत्तीस. छत्तीसच्या खाली कोरं.

खरं सांगायचं तर सरांना भीती वाटली नाही. आनंद झाला. ती येत होती! कशी, कुठून, काही कळत नव्हतं, आणि कळून घ्यायचंही नव्हतं. आणि त्या आनंदाच्या मागोमाग लक्षात आलं, तीनच सकाळी उरल्या होत्या.

नवव्या दिवशी त्यांनी दोन कप चहा केला. स्टूल गाडीच्या दाराशी टाकलं, एक कप बोनेटवर ठेवला. नऊला स्प्रिंग वाजली. पट्ट्या मोजल्या, चौतीस. चाळीस किलो. सर पेपर मोठ्यानं वाचत बसले, बाजारभाव, कापसाचा दर, गावोगावच्या भानगडी. तिला भानगडी ऐकायला फार आवडायच्या. मधेच म्हणाले, "ऐकून राह्यली ना?" अकराला गाडी सावकाश वर आली आणि सरांना हुंदका आवरला नाही.

दवाखान्यातही असंच वाचून दाखवायचे. पण तिथं ती ऐकत नव्हती. तिथं तिचं एकच चाललेलं असायचं. "अवो, मले घरी घेऊन चला. तुमच्या पाया पडतो, मले घरी न्या." सर म्हणायचे, अजून आठ दिवस, डॉक्टर म्हणून राह्यले फरक पडेल. भाग्यश्री भांडली, आईला घरी नेऊ म्हणाली. सरांनी तिलाच झापलं. विज्ञान सोडायचं नसतं म्हणाले. आतून एवढंच होतं, की घरी नेलं म्हणजे ती जाणार हे मान्य केलं. ते त्यांच्यानं होईना. शेवटच्या दिवसांत ती उठून चालायला लागली, सलाइनची नळी ओढत. म्हणून सर औषधं आणायला खाली जाताना खोलीची कडी बाहेरून लावून जायचे. एकदा परत आले तेव्हा दाराचं हँडल आतून वरखाली होत होतं. कडी काढली तर ती हँडलला लोंबकळून उभी होती. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

६

दहाव्या दिवशी, शनिवारी, सरांनी मशीन सकाळीच जोडून ठेवलं. पेटीचा नवा पत्रा आधीच कापून वाकवलेला होता. तो जागेवर बसवून शिकंज्यांनी आवळला.

विचार सोपा होता. सुरेंद्रनंच सांगितला होता. वजन असताना पेटी जोडली तर तो लचका जन्मभर राहतो. मग राहू दे की! अडतीस किलो गाडीत असतानाच जोडून टाकायचं. अडतीसचे छत्तीस होऊच द्यायचे नाहीत. चार्टमधलं ते कोरं येऊच द्यायचं नाही.

नऊ वाजले. स्प्रिंग वाजली, अगदी बारीक. पस्तीस पट्ट्या बसल्या.

"दीपमाला, हलू नको हं," सर म्हणाले. मास्क तोंडावर ओढला आणि वेल्डिंगची कांडी पत्र्याला टेकवली.

पातळ पत्र्यावर वेल्ड मारणं म्हणजे जिवाची परीक्षा. जरा रेंगाळलं की भोक पडतं. बोटभर मारायचं, थांबायचं, पलीकडच्या टोकाला मारायचं. मास्कच्या काळ्या काचेतून काही दिसत नाही, ठिणगी पेटली की तेवढंच पेटतं. एकदा कांडी लांब ओढली गेली, मोठा उजेड झाला, आणि त्या उजेडात वरची दाराची काच झळकली. काचेमागं एक हात होता. बारीक मनगट, त्यावर सलाइनची पट्टी. वेल्डिंगजवळून जाताना कुणीही डोळ्यांवर हात धरतं, तसा तो हात डोळ्यांवर धरलेला होता.

सरांनी मास्क वर केला. काचेत फक्त चिंच दिसत होती. त्यांनी मास्क पुन्हा खाली ओढला. दोन तासांत दोन्ही टोकं जोडली, कडेनं टाके घातले, वरची जळकी खपली हातोडीनं उडवली.

अकरा वाजले. पट्ट्या मोजल्या. पस्तीस. सव्वा अकरा, पस्तीस. साडेअकरा, पस्तीस.

"राह्यली!" सर एकटेच ओरडले. "राह्यली ना बाप्पा!" लहान पोरासारखे टाळ्या वाजवत अंगणात फिरले. मग दाराशी येऊन दार उघडायला गेले. उघडलं नाही. वेल्ड थंड होताना पत्रा ओढला गेला होता आणि दार खालून चौकटीत रुतलं होतं. सर म्हणाले, असू दे. कुठं घाई आहे?

तेव्हा दाराचं आतलं हँडल हललं. काचेतून स्पष्ट दिसत होतं. सावकाश वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं.

७

पहिल्यांदा त्यांना कळलंच नाही की आपण काय पाहतो आहोत. मग कळलं.

"थांब," ते म्हणाले. "थांब, काढतो. आत्ता काढतो तुले."

ग्राइंडर उचलला, बटण दाबलं. गप्प. लाइन गेली होती. शनिवारी दुपारी आमच्याकडं लाइन जाते ती कधी येईल सांगता येत नाही. सरांनी हॅक्सॉचं पातं घेतलं, एका टोकाला फडकं गुंडाळलं आणि मातीत आडवं पडून आपलाच वेल्ड कापायला सुरुवात केली. वर हँडल हलत होतं. खट, खट.

अर्ध्या तासात वीतभरही कापलं गेलं नाही. बोटांतून रक्त यायला लागलं. ते उठले, हातोडी घेतली, काच फोडायला हात उगारला. काचेच्या आतून वाफ धरलेली दिसली. एप्रिलची दुपार, गाडी चुलीसारखी तापलेली, आणि काचेला आतून श्वासाची वाफ. बसलेल्या बाईचं तोंड जिथं यावं, नेमकी तिथं. वाफेचा गोल मोठा व्हायचा, लहान व्हायचा. त्याच्यावर हातोडी कशी मारायची? सरांनी हात खाली घेतला आणि पुन्हा पातं धरलं.

"जरा दम धर, दीपमाला. झालंच. हे एवढंच राह्यलं." कापत होते आणि बोलत होते. गावातली बातमी सांगत होते, भाग्यश्री येणार आहे म्हणून सांगत होते, चुकलो म्हणून सांगत होते. अडीचच्या सुमाराला हँडल थांबून थांबून हलायला लागलं. तीनला एकदा हललं, मग बऱ्याच वेळानं एकदा. सर पातं टाकून उठायचे, काचेवर हात ठेवायचे, वाफ आहे का बघायचे. गोल रुपयाएवढा उरला होता. पुन्हा खाली पडून कापायचे. दोन पाती तुटली. तिसरं लावलं.

चारला थोडं कमी असताना शेवटचा टाका सुटायच्या आत गाडी आपोआप वर आली. धक्का नाही, आवाज नाही. अंगावरचं पांघरूण कुणी काढून घ्यावं तशी हलकी होऊन वर आली. सरांनी डोकं मातीला टेकवलं. तरी पातं चालवत राहिले, तो टाका कापूनच थांबले. उठले, दार ओढलं. दार उघडलं.

आत फाटकं रेक्झीन होतं आणि वाळकी पानं. काच कोरडी होती. सरांनी दार पूर्ण उघडून धरलं आणि बाजूला सरकून उभे राहिले. कुणाला उतरायला जागा करून द्यावी तसे, किती तरी वेळ.

आदिलाबादच्या बसनं भाग्यश्री आली तेव्हा ते दाराला पाठ लावून मातीत बसले होते. दोन्ही हात रक्तानं आणि लोखंडाच्या भुशानं माखलेले. तिनं पर्स तिथंच टाकली.

"बाबा! काय केलं हे? हाताले काय झालं? काऊन रडून राह्यले?"

सरांनी तिच्याकडं पाहिलं. लेक अगदी आईच्या तोंडवळ्याची होती.

"तुही माय घरी आलती, बाई," ते म्हणाले. "पायानं चालत, आपल्या आपण आलती. जाऊ बी द्यायची होती तशीच. तिथं बी मीच कडी लावली, अन् इथं बी मीच लावली."